हाताकडून तोंडाकडे

माझा कुत्रा पूर्ण काळा होता. पंजे काळे, छाती काळी, शेपटीचं टोकसुद्धा काळं. पांढरा केस शोधून सापडायचा नाही. दिल्लीत असा कुत्रा पाळला की काय होतं, हे मला सांगलीहून येताना कुणी सांगितलं नव्हतं.

आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत तळमजल्यावर माझं क्वार्टर होतं. मी एका मंत्रालयात असिस्टंट होते, चाळिशी जवळ आलेली, लग्न केलेलं नाही, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एका जानेवारीत समोरच्या स्कूटर स्टँडच्या पत्र्याखाली हे पिल्लू कुडकुडताना दिसलं. दोन दिवस मी त्याच्याकडे काणाडोळा केला. तिसऱ्या दिवशी ते माझ्या स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरला टेकून झोपलेलं होतं. नाव मी चांगलं शोधून ठेवलं, पण सेक्टरमध्ये कुणी ते वापरलं नाही, तेव्हा इथंही ते राहू दे.

वर्षभरात तो वाढला आणि शनिवारचा प्रकार सुरू झाला. तिकडे शनीची पीडा टळावी म्हणून शनिवारी काळ्या कुत्र्याला मोहरीचं तेल लावलेली रोटी घालतात. गल्लीत कुत्रे पुष्कळ होते, पण कुणाच्या कपाळावर पांढरा ठिपका, कुणाचा पाय तपकिरी. शंभर टक्के काळा असा माझाच. ही बातमी कशी पसरली देव जाणे, पण शनिवारी सकाळी पलीकडच्या ब्लॉकमधले लोक स्कूटरवरून यायचे, फाटकाशी डबा उघडायचे, रोटी घालायचे, हात जोडायचे आणि निघून जायचे. माझ्याशी कुणी बोलायचं नाही. साडेसाती त्यांची, कुत्रा माझा, आणि रविवारी त्याचं पोट बिघडलं की धुणंपुसणंही माझंच.

याचा परिणाम असा झाला की तो माझ्याकडे बघेनासा झाला. फिरायला नेलं की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे त्याची नजर. पिशवी दिसली की पिशवीकडे, डबा दिसला की डब्याकडे. मी हाक मारली तर कानसुद्धा हलायचा नाही. मी दहा वेळा हाक मारायची, अकराव्या वेळी ओरडायची, बाराव्या वेळी पट्टा ओढायची. लोक माझ्याकडे बघायचे, कुत्रा सोडून सगळे. मला याचं वाईट वाटायचं, आणि ते कबूल करायला काही हरकत नाही. घरात आम्ही दोघंच, आणि त्यातला एक दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक पंजाबी माताजी राहायच्या. सत्तरीच्या, बारीक, पांढरी ओढणी. क्वार्टर त्यांच्या मोठ्या मुलाच्या नावावर होतं. तो दुसऱ्या एका खात्यात अधिकारी होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कायम फाइल परत आल्याचा भाव असायचा. माताजी दर शनिवारी न चुकता ताटलीत एक रोटी घेऊन जिना उतरायच्या. एका शनिवारी कुत्र्यानं त्यांना खाली पोचूच दिलं नाही. मी दार उघडलं आणि तो पट्ट्यासकट माझ्या हातातून निसटून जिन्यावर धावला, थेट ताटलीवर. माताजी शेवटच्या तीन पायऱ्या घसरत खाली आल्या. मनगट मोडलं. त्या जमिनीवर विव्हळत होत्या आणि हा शेजारी बसून रोटी खात होता. ते दृश्य आठवलं की मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या असोसिएशनची बैठक झाली. मुलानं लेखी तक्रार दिली होती: कुत्रा वसाहतीतून हलवावा. तक्रार रास्त होती. मी गप्प बसून माफी मागितली असती तर कदाचित तोंडाला जाळी बांधण्यावर भागलं असतं. पण तक्रारीचा मसुदा इतका गचाळ होता की माझं डोकं फिरलं. वीस वर्षं मी लोकांचे मसुदे सुधारत आले होते. मी तिथंच कागद मागितला आणि उत्तरादाखल हमीपत्र लिहून दिलं. इंग्रजीत, तीन प्रतींत. त्याचा मतलब असा: सदर प्राणी आजपासून एक महिन्यानंतर खाली सही करणाऱ्या व्यक्तीखेरीज अन्य कोणत्याही व्यक्तीच्या हातून कोणताही खाद्यपदार्थ कोणत्याही परिस्थितीत स्वीकारणार नाही, तसे न झाल्यास खाली सही करणारी व्यक्ती त्यास स्वतः वसाहतीबाहेर नेऊन सोडेल.

सेक्रेटरी निवृत्तीला आलेला गृहस्थ होता. त्यानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, ड्राफ्टिंग तो एक नंबर है." मी खूश होऊन घरी आले. दार लावलं आणि मग लक्षात आलं की मी काय लिहून दिलंय. कुत्रा दारामागून पुढे आला आणि माझ्या हाताचा वास घेतला. हातात काही नाही हे कळल्यावर वळून गेला.

गणपतीत आमच्या मराठी मंडळात एक निवृत्त हवालदार भेटले होते. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातले, सगळी नोकरी लष्कराच्या श्वानपथकात गेलेली. मुलगा कँटोन्मेंटमध्ये पोस्टिंगवर असल्यामुळे नवरा-बायको दिल्लीला आले होते. आरतीच्या रांगेत त्यांनी मला विचारलं होतं, घरी कुत्रं आहे का, साडीवर केस दिसतायत. मंडळाच्या वहीतून नंबर काढून मी फोन केला. ते दुसऱ्या संध्याकाळी बस बदलत आले. त्यांनी चहा घेतला, माझ्याकडे टपालानं दोन दिवस उशिरा येणारं मराठी वर्तमानपत्र मागून घेतलं, सगळं वाचलं, घडी घातली आणि मग कुत्र्याकडे बघितलं.

"हाक मारा बघू, ताई."

मी मारली. मग परत मारली. चौथ्या हाकेला त्यांनी हात वर केला.

"पुरं. त्याचं नाव म्हंजे पंख्याचा आवाज झालाय. चालू असतोय म्हनून कुनी ऐकत न्हाई. आता आठ दिस नाव घ्यायचं न्हाई."

"मग त्याला बोलवायचं कसं?"

"बोलवायचंच न्हाई. हितं हुबं ऱ्हायचं."

त्यांची पद्धत अशी होती. उकडलेल्या कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. मी शाकाहारी, त्या एका महिन्यात मी कलेजीसाठी वेगळं पातेलं घेतलं आणि खाटकाच्या दुकानात रांगेत उभी राहिले, हे सांगलीला अजून कुणाला माहीत नाही. एक तुकडा मुठीत धरायचा आणि हात खांद्याच्या रेषेत बाजूला लांब करायचा. कुत्रा मुठीकडे बघणार, चाटणार, पंजा मारणार, भुंकणार. काही बोलायचं नाही. मूठ उघडायची नाही. कधीतरी कंटाळून, गोंधळून, तो तुमच्या तोंडाकडे बघेल. अर्ध्या क्षणापुरतं. त्याच क्षणी "शाबास" म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं तुकडा द्यायचा. बाजूच्या मुठीतला नव्हे, दुसऱ्या हातातला.

"का?" मी विचारलं.

"मूठ बघून मिळत न्हाई, तोंड बघून मिळतंय, ह्ये त्याच्या टकुऱ्यात बसाय पायजे. आत्ता ह्यो हाताकडं बघतोय. सगळी दिल्ली त्याला हातानं चारती. तोंडाकडं बघाय लागला की आपलं काम झालं."

पहिल्या दिवशी मी बावीस मिनिटं हात लांब करून उभी होते. कुत्र्यानं मूठ चाटली, मनगट चाटलं, माझ्या चपलेवर पंजा मारला, पाणी प्यायला गेला, परत आला. माझा खांदा भरून आला आणि डोक्यात तिडीक गेली. शेवटी त्यानं जांभई दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"बघा कसा मुद्दाम करतोय," मी म्हणाले.

"ताई, एक सांगू? राग मानू नका. तुम्ही त्याच्याकडं असं बघताय जसं आमचा सुभेदार कवायतीला बघायचा. रागावलेल्या मानसाकडं कुत्रं बघत न्हाई. नजर फिरवतंय, जांभई देतंय. 'मला भांडायचं न्हाई' असं म्हनतंय ते."

माझ्या ऑफिसात दोन डिस्पॅच क्लार्क होते. मी टेबलाशी गेले की दोघंही टाइपरायटरच्या रिबिनीत काहीतरी शोधायला लागायचे. मला इतकी वर्षं वाटायचं की रिबीनच खराब आहे. ते मला त्या क्षणी आठवलं आणि मी हवालदारांना ते सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं बघितलं. मूठ चाटता चाटता थांबला आणि मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याचे डोळे पिंगट होते. हे मला दीड वर्षात माहीत नव्हतं. मी "शाबास" म्हणायला विसरले आणि हवालदार मागून ओरडले, "बोला की!" तोवर तो परत मुठीकडे वळला होता. पण पुन्हा बघितलं त्यानं. त्या संध्याकाळी अकरा वेळा बघितलं. मला रडू आलं, कलेजीच्या वासाच्या हातांनी मी डोळे पुसले आणि तोंड धुवायला गेले.

मग एक सेकंदाचे दोन झाले, दोनाचे पाच. मनात आकडे म्हणायचे, मग तुकडा. घरातून दारात, दारातून जिन्याखाली, जिन्याखालून समोरच्या हिरवळीवर. जागा बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. हवालदार आठवड्यातून तीन दिवस येत. हळूहळू ते स्वतः हातात रोटी घेऊन लांबून फिरायला लागले, मग जवळून. कुत्र्यानं रोटी बघितली तरी चालेल, पण बघून झाल्यावर माझ्याकडे वळायला हवं. वळला की तुकडा आणि कधीकधी "घे" असा शब्द. "घे" म्हटलं तरच समोरचं खायचं. रोज संध्याकाळी त्याच्या जेवणाआधी, पोट रिकामं असताना, दहा मिनिटं. त्याहून जास्त नाही.

चहा पिताना एकदा मी विचारलं की नोकरी संपल्यावर त्यांच्या कुत्र्याचं काय झालं.

"काय व्हायचंय. दुसऱ्या जवानाच्या हाती दिला. पैल्या आठवड्यात त्याच्या हातचं खायचा आन माझ्याकडं बघायचा. दुसऱ्या आठवड्यात बी तेच. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्यानं त्या जवानाच्या तोंडाकडं बघितलं. मी लांबून बघत हुतो. म्हनलं, झालं. संध्याकाळी ट्रंक उचलली आन गाडीत बसलो." ते पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागले. पान बराच वेळ उलटलं नाही.

दुसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही हिरवळीवर होतो. कुत्रा माझ्यासमोर बसलेला, नजर माझ्यावर, मी मनात आठ, नऊ मोजतेय, आणि एकदम त्याची मान वर गेली. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीकडे. मी परत त्याचं लक्ष मिळवलं, परत मान वर.

"ताई, ह्यो वर कुनाकडं बघतोय?" हवालदार म्हणाले, आणि तेवढ्यात आमच्या दोघांच्या मधोमध तेलानं चिंब रोटी थपकन येऊन पडली. कुत्र्यानं ती दोन घासांत संपवली. वर माताजी उभ्या होत्या, एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात रिकामी ताटली.

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. त्यांचा मुलगा भाजीला गेला होता. मी दारातूनच सुरू झाले. तुमचाच मुलगा तक्रार करतो, तुम्हीच चोरून खायला घालता, माझा कुत्रा जाणार आहे इथून, समजतंय का, हे सगळं माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत, आवाज टिपेला. माताजी ऐकत राहिल्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "बेटा, तैंतीस हो गये. सात रह गये हैं."

मग त्यांनी सांगितलं. धाकटा मुलगा तीन वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घरातून गेला. परदेशात आहे एवढंच कुणाकडून तरी कळलं होतं. मध्यंतरी वडील वारले, तरी पत्र नाही, फोन नाही. मोठा त्याचं नाव घरात काढू देत नाही. पंडितजींनी सांगितलं होतं की चाळीस शनिवार एकाच काळ्या कुत्र्याला रोटी घाल, एकही खंड पडता कामा नये, पडला तर पुन्हा एकपासून. चाळिसाव्या शनिवारपर्यंत खबर येईल. एकतिसाव्या शनिवारी त्या पडल्या. पडल्या तरी त्यानं रोटी खाल्ली होती, म्हणून तो शनिवार धरला. बत्तिसावा त्यांनी बाल्कनीतून साधला, मी अंघोळीला गेले असताना.

मी त्यावर जे बोलले ते लिहायला हात होत नाही, पण लिहिलं पाहिजे. मी म्हणाले, "महिना पूरा होने तक नहीं. उसके बाद एक से गिनिए."

खाली आले तर हवालदार कुत्र्याजवळ उकिडवे बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, माझंही वाक्य सांगितलं. ते एवढंच म्हणाले की आज कुत्र्याला काही शिकवू नका, तुमचा चेहरा बरा नाही.

पुढच्या शनिवारी बाल्कनीचं दार बंद होतं. कुत्रा दोनदा वर बघून माझ्याकडे वळला आणि मी त्याला तुकडा दिला. शिक्षणाच्या दृष्टीनं तो उत्तम दिवस होता. फाटकाशी आलेल्या तिघांनी डबे उघडले, त्यानं तिघांच्याही रोट्या सोडून माझ्याकडे बघितलं. ते लोक नाराज होऊन दुसरा काळा कुत्रा शोधायला गेले. मला आनंद व्हायला हवा होता. दिवसभर मी बंद बाल्कनीकडे बघत होते.

महिना भरल्यावर येणाऱ्या शनिवारी चाचणी ठरली. हिरवळीवर सेक्रेटरी आला, हातात माझं हमीपत्र. माताजींचा मुलगा आला, ब्लॉकमधले आणखी सात-आठ जण आले. सुट्टीच्या दिवशी फुकटची करमणूक कोण सोडतं. हवालदार एका बाजूला हात मागे बांधून उभे. मी कुत्र्याला समोर बसवलं. सेक्रेटरीनं बिस्किट पुढे केलं. कुत्र्यानं बिस्किट बघितलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. इस्त्रीवाल्यानं पावाचा तुकडा धरला, तेच. एका बाईंनी पराठ्याचा तुकडा अगदी नाकाशी नेला. त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबली, अंग थरथरलं, पण डोळे माझ्यावर. लोक टाळ्या वाजवायला लागले.

"एक और," माताजींचा मुलगा म्हणाला. "जिनको चोट लगी है, उनके हाथ से भी देख लेते हैं."

तो वर जाऊन आईला घेऊन आला. प्लास्टर निघालं होतं, मनगट काडीसारखं दिसत होतं. ताटलीत रोटी होती, तेल लावलेली. हे चाचणीपुरतं आहे हे त्यांना सांगितलं असणार, तरी तेल त्यांनी लावलंच होतं. त्या हळूहळू आल्या, वाकल्या, रोटी पुढे धरली. या हाताची चव त्याला सगळ्यांत जास्त ओळखीची. तो जागचा उठला. तो परत बसला, आणि माझ्याकडे बघितलं.

"वाह," सेक्रेटरी म्हणाला. "पास."

माताजी तशाच वाकलेल्या होत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या, तो माझ्याकडे. मग त्या मला म्हणाल्या, म्हणजे तोंड माझ्याकडे होतं, "ये तो पूछ के खाता है, बेटा. मेरा वाला तो बिना पूछे चला गया."

मुलगा जमिनीकडे बघायला लागला. कुत्रा अजून माझ्याकडेच बघत होता. महिनाभर मी याच नजरेसाठी धडपडले होते, आणि ती मिळाल्यावर आता काय करायचं ते मलाच ठरवायचं होतं. हमीपत्रात "कोणत्याही परिस्थितीत" हे शब्द मीच घातले होते. आणि कुत्रा मला हवा होता, सगळ्यांत जास्त तोच हवा होता.

"घे," मी म्हणाले.

त्यानं माताजींच्या हातातून रोटी घेतली, अगदी ओठांनी, आणि खाल्ली.

सेक्रेटरीनं चष्मा लावला. "मॅडम, आपकी अंडरटेकिंग में तो ऐसा कोई एक्सेप्शन नहीं है. यहाँ साफ लिखा है..."

"नहीं है," मी म्हणाले. "गलती मेरी है."

माताजींच्या मुलानं सेक्रेटरीच्या हातातून कागद घेतला. वाचला नाही. चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "रहने दीजिए. चलो, माँ."

पण माताजी गेल्या नाहीत. ओढणीला हात पुसत त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे शनिवार आम्ही मोजले. मी बाहेरगावी जाणं टाळलं, एकदा ताप असताना शाल गुंडाळून दारात बसले. माताजी उतरायच्या, आता मुलगा त्यांचा हात धरून आणायचा. रोटी पुढे यायची, कुत्रा माझ्याकडे बघायचा, मी "घे" म्हणायची, माताजी आकडा म्हणायच्या. हवालदार गावी परतले. जाताना त्यांनी सांगितलं की रोज दहा मिनिटं सोडू नका.

चाळिसावा शनिवार गेला. त्या आठवड्यात पोस्टमन रोज आला, पत्र आलं नाही. फोनही नाही. पुढच्या शनिवारी मी दार उघडायचं टाळत होते. पण ठरल्या वेळी जिन्यावर पावलं वाजली आणि माताजी ताटली घेऊन आल्या. कुत्र्यानं माझ्याकडे बघितलं, मी "घे" म्हणाले. त्यांनी आकडा म्हटला नाही. त्यानंतर आम्ही कधीच मोजलं नाही.

दोन वर्षांनी मला बढती मिळाली आणि लक्ष्मीबाई नगरमध्ये मोठं क्वार्टर मिळालं. लांब नव्हतं, पण सत्तरीच्या बाईला ते लांबच. सामान टेम्पोत चढवलं तो दिवस मी मुद्दाम शनिवार निवडला होता. माताजी खाली आल्या. कुत्रा त्यांच्यासमोर जाऊन बसला. त्यांनी रोटी पुढे धरली. मी "घे" म्हणायला तोंड उघडलं, आणि थांबले.

तो माझ्याकडे बघत नव्हता. रोटीकडेही बघत नव्हता. मान वर करून तो माताजींच्या तोंडाकडे बघत होता.

मला लागलं, खोटं कशाला सांगू. मग हवालदार आठवले, त्यांची ट्रंक आठवली.

"क्या देख रहा है ये?" माताजींनी विचारलं. "खाता क्यों नहीं?"

"पूछ रहा है, माताजी," मी म्हणाले. "आपसे पूछ रहा है."

त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. कुत्र्याची नजर हलली नाही.

"खा ले, पुत्तर," त्या म्हणाल्या. "खा ले."